दोन्ही बाजूंना समान

त्या ऑक्टोबरात पावसाने पाठ सोडली नाही. मका शेतात वाळून उभा होता, कणसं मान टाकायला लागली होती, पण यंत्र शेतात घातलं की चाकं अर्धी चिखलात. सगळं गाव धान्याच्या कोठारापाशी जमून आभाळाला शिव्या घालत कॉफी पीत होतं. मला शिव्या घालायलाही सवड नव्हती. मी टपालवाला. चिखल असो की बर्फ, माझ्या वाटेवर एकशे बारा घरं आणि प्रत्येकाच्या फाटकाशी खांबावर पत्र्याची पेटी. कुणाला काही पाठवायचं असलं की तो पाकीट पेटीत ठेवतो आणि पेटीच्या कडेची लाल पट्टी उभी करतो. मी पाकीट घेतो, पट्टी खाली पाडतो आणि पुढे जातो. सव्वीस वर्षं हेच करतोय. त्या शुक्रवारपर्यंत मला ह्या कामाची कधी लाज वाटली नव्हती.

पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला मात्र मी ट्रूडीच्या गोठ्यात असायचो. ट्रूडी माझी धाकटी बहीण. तिचा नवरा लॉरेन ऑस्टबी. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेल्यापासून अडतीस गाईंची धार आम्ही दोघं भावंडं काढत होतो. यंत्र कासेला लावायचं म्हणजे यंत्रच सगळं करतं असं शहरातल्यांना वाटतं. त्यांनी एकदा खाली बसून अडतीस गाईंचे सड पुसावेत, मग बोलावं.

लॉरेनचा अपघात आदल्या ऑक्टोबरातला. मुरघासाने, म्हणजे गाईंसाठी मुरवलेल्या चाऱ्याने, भरलेली गाडी ट्रॅक्टरला जोडून तो मोठ्या रस्त्याने घरी येत होता. भर दुपारी, चार वाजता. मागून धान्याचा ट्रक आला. ट्रॅक्टर खड्ड्यात उलटला आणि लॉरेन त्याच्याखाली. ट्रकचा एक दिवा फुटला, बंपर वाकला.

ट्रकवाल्यांच्या विमा कंपनीने म्हणणं काढलं की लॉरेनच्या गाडीमागचा नारिंगी त्रिकोण चिखलाने भरला होता, तो दिसलाच नाही. सावकाश चालणाऱ्या वाहनाला तो त्रिकोण लावावा लागतो, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. कंपनीचा कागद आला. त्यात एक ओळ होती, ‘दोष दोन्ही बाजूंना समान’. सही करून पाठवा, म्हणजे प्रकरण मिटलं.

लॉरेन सही करेना. “त्रिकोण मी त्या दिवशी सकाळी पुसला होता,” तो म्हणायचा. “ह्या बाहीने.” आणि बाही दाखवायचा, जणू वर्षापूर्वीचा चिखल अजून तिच्यावर असावा. वकील म्हणाला, मार्चमध्ये सुनावणी आहे, तोवर दम धर. लॉरेनने दम धरला. कागद आणि त्याच्यासोबत आलेलं तिकीट लावलेलं पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली राहिलं. वाकडा झालेला तो त्रिकोण त्याने दुधाच्या खोलीत खिळ्याला टांगला. अधूनमधून कुबड्या टेकत यायचा आणि फडक्याने तो पुसून जायचा. पाय गेला त्याबद्दल तो फार बोलत नसे. आपण खोटं बोलतो असं लोकांना वाटेल, ह्याने मात्र तो आतून पोखरला जात होता.

ट्रूडीने त्या पावसाळी हंगामात कॉलेज धरलं. वय बेचाळीस. इस्पितळात लॉरेनचा पाय उचलून एक्स-रे काढणारी बाई तिने बघितली होती, आणि तेव्हाच तिने मनाशी घेतलं होतं की गाई फार दिवस आपल्याच्याने निभणार नाहीत, हे काम शिकायचं. त्या शिक्षणाला आधी फिजिक्स पास व्हावं लागतं.

“शिकवतात तरी का नीट?” मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

“शिकवत नाहीत. शिकून यायचं असतं.”

“म्हणजे?”

“मास्तर कंप्युटरवर व्हिडिओ टाकतो. तो घरी बघायचा, मधेमधे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं द्यायची. मग वर्गात जायचं. तिथे तो आमची उत्तरं बघतो आणि जे कळलं नाही तेवढंच बोलतो.”

“मग पगार कशाचा घेतो तो?”

“तू पेटीत पत्रं टाकतोस, वाचून दाखवतोस का?” ट्रूडी म्हणाली आणि पुढच्या गाईखाली गेली.

मास्तराचं नाव होल्म. तरुण होता, दाढीवाला. वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. ट्रूडी गोठ्यातले बूट काढून गाडीत ठेवलेले स्वच्छ बूट घालायची, केस दोनदा धुवायची, तरी मुरघासाचा वास जात नाही. तिच्या शेजारची मुलगी दुसऱ्या आठवड्यात एक खुर्ची सोडून बसायला लागली. ट्रूडी म्हणायची, बरं झालं, मला दप्तर ठेवायला जागा झाली.

सोमवारी व्हिडिओच्या आधी एक प्रश्न आला. भरलेला ट्रक आणि एक छोटी गाडी एकमेकांवर आदळतात, कुणाचा कुणावर जोर जास्त? का ते आपल्या शब्दांत लिहा. लॉरेन आतल्या खोलीत झोपला होता. ट्रूडीने स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं, मग दोन बोटांनी टाइप केलं. काय लिहिलं ते मला बुधवारी कळलं.

बुधवारी संध्याकाळी ती धारेला आली ती तोंड मिटून. मग अकराव्या गाईच्या पोटाला कपाळ टेकून म्हणाली, “आज त्याने माझं उत्तर भिंतीवर लावलं.”

“कुणी?”

“होल्मने. तो उत्तरं पडद्यावर दाखवतो, नावाशिवाय. त्यावरून बोलायला. मी लिहिलं होतं, ‘ट्रकचा जास्त. हे काय विचारायला लागतं?’ एवढं वाचून पोरं हसली.”

“हसू देत.”

“मग त्यांनी पुढचं वाचलं. ‘ट्रकचा एक दिवा फुटला. माझ्या नवऱ्याचा पाय गेला.’” ती यंत्राची नळी हातात धरून तशीच बसली होती. “नाव नव्हतं, ड्वेन. पण ह्या काउंटीत असं वाक्य दुसरं कोण लिहिणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती खुर्ची सोडून बसणारी माझ्याकडे वळून बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, हिने हसायला पाहिजे होतं.”

“मास्तर काय म्हणाला?”

“लाल झाला बिचारा. त्याने आधी वाचलंच नसावं नीट. म्हणाला, ‘लिहिणाऱ्याचे आभार. पण बल दोन्हींवर समान असतं.’ मग सगळ्यांनी बटणं दाबून मत द्यायचं होतं. सगळ्यांनी समान दाबलं.”

“आणि तू?”

“मीही समान दाबलं.”

मला त्या होल्मची दाढी उपटावीशी वाटली.

“तास संपला तेवढ्यात,” ती म्हणाली. “म्हणाला, बाकीचं व्हिडिओत आहे, बघून या. शुक्रवारी करून दाखवतो. गुरुवारी दुपारी बाराच्या आत उत्तरं द्यायची आहेत. ह्या धड्याचे मार्क गेले तर मी पास होत नाही. दोन धडे आधीच गेलेत.”

“लॉरेनला सांगितलंस?”

“वर्गातलं? वेडा आहेस का?”

गुरुवारी माझी सुट्टी असते. उंच कोठीतून मुरघास खाली ओढणारं यंत्र अडकलं होतं, ते सोडवायला मी सकाळीच गेलो. पाऊस लागलेलाच. दहाच्या सुमाराला हात बधिर झाले म्हणून स्वयंपाकघरात आलो. ट्रूडीने लॅपटॉप पश्चिमेच्या खिडकीत ठेवला होता. टेकडीवरच्या मनोऱ्याचं नेट तिथेच काय ते पकडायचं, आणि पाऊस असला की तेही धड नाही. लॉरेन टेबलाशी बसला होता. ओल्या हवेत पायाचा खुंट सुजतो, म्हणून खोटा पाय काढून त्याने शेगडीशेजारी उभा केला होता, पायातल्या बुटासकट. तो बटाटे सोलत होता. आता ते काम त्याचं झालं होतं.

व्हिडिओतली बाई गोड आवाजाची होती. “समजा, एक मोठा ट्रक आणि एक छोटी गाडी यांची टक्कर झाली. तुम्हाला काय वाटतं? बहुतेकांना वाटतं ट्रक जास्त बल लावतो. पण नाही! ट्रक गाडीवर जेवढं बल लावतो, तेवढंच गाडी ट्रकवर लावते. दोन्ही बाजूंना समान!”

एवढं म्हणून ती कधी दोन-चार वाक्यं, कधी काही मिनिटं पुढे जायची, आणि चित्र गोठायचं. मधे तो गोल फिरत राहायचा. मग ट्रूडी बटण दाबायची आणि बाई पहिल्यापासून. समजा, एक मोठा ट्रक.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. आठव्या मिनिटाच्या पुढे तो एकदाही गेला नाही.

मी भाकरीसारखा जाड ब्रेड लोण्याबरोबर खात होतो. चौथ्यांदा, पाचव्यांदा तीच टक्कर झाली. लॉरेनची सुरी थांबली.

“काय म्हणते ती?”

“काही नाही. माझा धडा आहे,” ट्रूडी म्हणाली. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

“दोन्ही बाजूंना समान म्हणते.”

“हो.”

“म्हणजे त्याने मला जेवढं मारलं, तेवढंच मी त्याला मारलं?”

“हो रे, तेवढंच. बल समान.” तिची पाठ त्याच्याकडे होती. ती बटण दाबत होती. “मलाही आधी चूक वाटलं होतं. पण तसंच असतं.”

“हे सगळीकडेच, की तुमच्या कॉलेजातच?”

“सगळीकडे. चंद्रावरसुद्धा. लॉरेन, मला बाराच्या आत द्यायचंय हे.”

बाई पुन्हा सुरू झाली. लॉरेनने सगळं शेवटपर्यंत, म्हणजे आठव्या मिनिटापर्यंत, मान तिरकी करून ऐकलं. चर्चमध्ये ऐकतो तसं.

“मग विमावाल्यांनीही मोजूनच लिहिलं असणार,” तो म्हणाला.

ट्रूडीने ते ऐकलं नाही. प्रश्न उघडले होते, आणि ते पुन्हा बंद व्हायच्या आत तिला उत्तरं द्यायची होती. मी ऐकलं. माझ्या तोंडात घास होता. घास गिळून मी म्हणायला हवं होतं, गाढवा, ती वेगळी गोष्ट आहे. पण ती वेगळी कशी, हे मला तरी कुठे सांगता येणार होतं? मी आठवी-नववीतच फिजिक्सला रामराम ठोकला होता. मी कॉफी प्यायलो आणि मुरघासाच्या यंत्राकडे गेलो.

मागे वळून बघितलं तेव्हा ट्रूडी खिडकीत हसत होती. पाचही उत्तरं बरोबर. हिरव्या खुणा. तिने मला काचेतून पाच बोटं दाखवली. उरलेली तीन मिनिटं बघायचे मार्क नव्हते, आणि वासरांना दूध पाजायचं राहिलं होतं. तिने लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी सकाळी पाऊस उघडला. साडेदहाला मी ऑस्टबींच्या फाटकाशी आलो, आणि पेटीची लाल पट्टी उभी होती.

ते पाकीट मी हातात न घेताच ओळखलं. वर्षभर फ्रिजवर बघत होतो. चुंबकाच्या जागी त्यावर गोल डाग पडला होता. घर फाटकापासून शंभर पावलांवर. लॉरेन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होता, दोन्ही पायांवर, म्हणजे खोटा पाय चढवून फाटकापर्यंत चालत आला होता आणि परत गेला होता, त्या चिखलातून. कुबड्यांचे ठसे नव्हते. त्याने हात वर केला. मीही केला.

मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवलं असेल. खरं सांगायचं तर असं वाटलं म्हणणं सोयीचं होतं. उतरून शंभर पावलं चालायची, दार वाजवायचं आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचारायचं की हे तू का केलंस, ह्याची मला भीती वाटली. मी पाकीट ट्रेमध्ये ठेवलं आणि पट्टी खाली पाडली.

बाराच्या सुमाराला चर्चच्या वळणावर मागून एक गाडी दिवे मारत आली. ट्रूडी. ती दार उघडं टाकूनच धावत आली. चेहरा उजळलेला होता, कितीतरी दिवसांनी.

“ड्वेन, तुला आधी सांगते. घरी जाईपर्यंत धीर नाही. होल्मने आज दोन छोट्या गाड्या आपटवल्या. एक जड, एक हलकी. दोघींवर बल मोजायचे काटे लावलेले. काटे सारखेच हलले, अगदी सारखे! पण हलकी टेबलावरून खाली पडली. तो म्हणाला, बल समान म्हणजे इजा समान नव्हे. हलक्याची वाट लागते. आणि चूक कुणाची, हे बलाला ठाऊकच नसतं, ते वेगळंच असतं. तास झाल्यावर तो माझ्याजवळ आला, म्हणाला, मला माफ करा, हे मी बुधवारीच सांगायला हवं होतं.” तिला दम लागला होता. “मी म्हटलं, व्हिडिओत का नाही हे? तर म्हणाला, आहे ना. शेवटच्या तीन मिनिटांत.”

मी गाडीच्या ट्रेकडे बघितलं. तिनेही बघितलं.

तिने खिडकीतून हात घातला आणि पाकिटाला नुसतं बोट लावलं.

“परत देता येतं का?”

“ज्याने टाकलं त्यालाच.”

“मग चल.”

वाट अर्धी टाकून मी तिच्या मागोमाग गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

लॉरेन टेबलाशी होता. समोर बटाटे. मी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. ट्रूडीने अंडं आणि हातोडी आणली, आणि गाड्यांचं सगळं त्याला सांगितलं, भराभरा, पुन्हा पुन्हा. “हे बघ,” म्हणून तिने हातोडी अंड्यावर आपटली. “हातोडीलाही तेवढंच लागलं. पण ती फुटली का? नाही! फुटलं अंडं. बल समान, इजा नाही. आणि चूक कुणाची, हा तर ह्यात प्रश्नच नाही. लॉरेन, तू त्रिकोण पुसला होतास. ते ह्यात कुठेच येत नाही!”

अंडं टेबलावरून ओघळत लॉरेनच्या मांडीवर आलं. त्याने ते पुसलं नाही.

“मग अंड्याने रस्त्यावर कशाला यायचं?” तो म्हणाला. “विमावालेही हेच म्हणतायत.”

“अरे, पण तू पुसला होतास!”

“पुसला होता असं मला वाटतं.” तो हळू बोलत होता, तिला समजवावं तसा. “वर्षभर मी रोज आठवतो. इतकं आठवलंय की आता बाही आठवते, त्रिकोण आठवत नाही. ती बाई काल दहा वेळा म्हणाली. तू म्हणालीस. मला वाटलं, चला, एकदाचं सुटलं. काल रात्री मला झोप लागली, ट्रूडी. पूर्ण रात्र.”

“पाकीट परत घे,” ती म्हणाली. “तुझ्या पाया पडते.”

“पाया काय पडतेस, एकच उरलाय,” तो म्हणाला आणि हसलाही. आम्ही दोघं हसलो नाही. त्याने पाकीट उचललं, त्यावर अंडं लागलं नाही ना ते बघितलं, आणि माझ्याकडे दिलं. “घेऊन जा. तुझे लोक खोळंबले असतील.”

मी ट्रूडीकडे बघितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

“मार्क मिळाले का?” लॉरेनने तिला विचारलं.

“मिळाले,” ती म्हणाली. “पूर्ण.”

“मग झालं.”

मी राहिलेली बेचाळीस घरं केली आणि पाकीट दोनच्या गाडीला दिलं. ते खिशात घालून वर्षभर विसरून जाण्याएवढी हिंमत माझ्यात नव्हती. पुढे मार्चमध्ये सुनावणी झाली नाही. ट्रूडी फिजिक्स पास झाली, आज ती लोकांचे हातपाय उचलून फळीवर ठेवते, आणि गाई विकल्या गेल्या. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी पाचला मी गोठ्यात गेलो. दुधाच्या खोलीतला खिळा रिकामा होता. वासरांच्या कोंडवाड्याची एक फळी तुटली होती, तिथून महिनाभर वारा आत येत होता आणि दुरुस्त करायला कुणाला वेळ नव्हता. तिथे तो नारिंगी त्रिकोण चार खिळ्यांनी ठोकलेला होता, नारिंगी बाजू आत, वासरांकडे. खिळे सरळ गेले होते. लॉरेनचा हात कामाला नेहमीच चांगला होता.

ट्रूडीने तो बघितला. मग तिने सड पुसायचं फडकं पिळलं, रिकाम्या खिळ्याला अडकवलं, परत काढलं, आणि पहिल्या गाईखाली बसली.